आधी पोटभर जेव, मग रिपोर्ट बघू

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून नीटच्या तयारीसाठी पुण्यात आलेल्या, सदाशिव पेठेत होस्टेलवर राहणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते.

पहिली पाळी १३व्या वर्षी आली. गावी असताना पस्तीस-चाळीस दिवसांनी यायची, पुण्यात आल्यापासून लांबत गेली. गौरी-गणपतीत घरी अडचण नको म्हणून आईने मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून दिल्या. त्या थांबवल्यावर पाळी आली, पण त्यानंतर तीन महिने उलटून गेले तरी पुढची आलेली नाही. होस्टेलजवळच्या एका डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्टमध्ये दोन्ही अंडाशयांत बऱ्याच 'गाठी' आहेत असं आलं. डॉक्टर म्हणाले, "पीसीओडी आहे. भात-साखर बंद कर, वजन उतरव, आणि लग्न झालं की मुलाला उशीर करू नकोस." (पीसीओडी म्हणजे हार्मोनचा तोल बिघडून अंडाशयात बीज वेळेवर तयार न होण्याची तक्रार; तिलाच पीसीओएसही म्हणतात.) तीन महिन्यांच्या हार्मोनच्या गोळ्याही दिल्या. त्या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही असं रूममेट म्हणाली, म्हणून पाकीट बॅगेतच पडून आहे. मेसचं जेवण पहिल्यापासूनच घशाखाली उतरत नव्हतं. सकाळी चहा-बिस्किटांवर क्लासला जायचं, रात्री दीडपर्यंत अभ्यास, सहाला उठायचं, असा दिनक्रम. आता भात पूर्ण बंद, रात्री नुसती काकडी-टोमॅटो, त्यात मार्गशीर्षातले गुरुवार धरलेत. उंची पाच फूट तीन इंच. पुण्यात आली तेव्हा वजन ५२ किलो होतं, आता ४५ आहे. चेहऱ्यावर थोडी मुरुमं आहेत, नको तिथे केस वगैरे नाहीत. घरी सांगितलं तर पुणं सोडून परत बोलावतील अशी भीती वाटते.

पत्राचा शेवट तिच्याच शब्दांत : "माझ्या काकूला मूल नाही. तिचीही पाळी अशीच मागे-पुढे व्हायची म्हणतात. आमच्या दादाच्या बाळाच्या बारशाला तिला पाळण्याला हात लावू दिला नाही. 'तू तिकडे बस' म्हणाले. मी तिथेच उभी होते. माझंही असंच होणार का?"

उत्तर :

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचं काही तुझ्या डोक्यात शिरायचं नाही. तू लिहिलेल्या एकाही गोष्टीवरून तुला पुढे मूल होणार नाही असं कुणीही म्हणू शकत नाही. सोनोग्राफीवरून नाही, चुकलेल्या पाळीवरून नाही, काकूवरून तर नाहीच नाही. वर्षभर कुठलंही साधन न वापरता संबंध येऊनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टर त्या दिशेने तपासायला लागतात. १७ वर्षांच्या मुलीला तो शिक्का मारायची वैद्यकशास्त्रात सोयच नाही.

मात्र, तीन महिने पाळी न येणं अंगावर काढण्यासारखंही नाही. पाळी सुरू होऊन वर्ष उलटलेल्या कुठल्याही मुलीची पाळी एकदा जरी ९० दिवसांपेक्षा जास्त लांबली, तरी डॉक्टरांना दाखवावं असं मानलं जातं. तुझी तर सुरू होऊन चार वर्षं झालीत. तेव्हा तू डॉक्टरकडे गेलीस ते बरोबरच केलंस. फक्त तिथून तू जे घेऊन आलीस, त्यातलं बरंचसं मला पटलेलं नाही.

सोनोग्राफीपेक्षा मला खटकला तो वजनाचा आकडा. ५२ चे ४५. तुझ्या उंचीला ५२ किलो छान होतं. उतरवायला तुझ्याकडे काही नव्हतंच. 'वजन कमी कर' हे वाक्य पीसीओडी म्हटलं की आपोआप तोंडातून बाहेर पडतं, समोरची मुलगी बारीक असली तरी. त्या दिवशी तुला वजनकाट्यावर उभं केलं होतं का? 'पूर्वी किती होतं' असं विचारलं होतं का? तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही.

तू नीटची विद्यार्थिनी आहेस, त्यामुळे नावं घेऊन बोलते. बारावीच्या बायॉलॉजीत पाळीच्या चक्राची ती २८ दिवसांची आकृती तू पाठ केली असशील. हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे हार्मोन, त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच आणि एलएच ही हार्मोन्स, मग अंडाशयात बीज वाढणं, ते बाहेर पडणं, प्रोजेस्टेरॉन वाढणं, ते उतरलं की पाळी. आता या साखळीची सुरुवात कुठे आहे बघ. अंडाशयात नाही, मेंदूत आहे. आणि हायपोथॅलॅमसला तुझं जेवण, झोप आणि ताण हे सगळं कळत असतं. पोटात जाणारं अन्न रोजच्या खर्चाला पुरेनासं झालं, की जीएनआरएचच्या लहरी मंदावतात. खालची सगळी साखळी थंडावते. बीज तयार होत नाही, पाळी लांबते, कधी कधी थांबते. परीक्षेच्या वर्षात, होस्टेलवर, जेवणाची आबाळ आणि चार-साडेचार तासांची झोप असताना पाळी बिघडणाऱ्या मुली पुण्यात ढिगाने आहेत. पेठांमधल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचार, दोन-चार तरी भेटतील.

तुझ्या बाबतीत हेच झालंय असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पत्रावरून निदान होत नसतं. पण क्रम बघ. पुण्यात आलीस, जेवण सुटलं, वजन उतरलं, पाळी लांबली. त्यानंतर पीसीओडी हे नाव मिळालं आणि त्या नावापायी तू उरलेलं जेवणही सोडलंस. कारण जर उपासमारीचं असेल, तर तू औषध समजून तेच वाढवते आहेस. म्हणून दुसऱ्या, अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्यायलाच हवं.

मग त्या 'गाठीं'चं काय? त्या गाठी नव्हेत, आणि रोग तर नव्हेतच. अंडाशयात बीजं ज्या पिशव्यांमध्ये वाढतात त्या फॉलिकल्स आहेत त्या, काही मिलिमीटरच्या. डाळिंबात दाणे असावेत तशा तुझ्या वयात त्या भरपूर असतात, आणि पाळी अगदी वेळेवर येणाऱ्या मुलींच्याही सोनोग्राफीत दिसतात. कमी खाण्यामुळे पाळी थांबलेल्या मुलींमध्येही अनेकदा असंच चित्र दिसतं. याच कारणासाठी २०२३ साली आलेल्या पीसीओएसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय, की पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. एएमएच नावाची रक्तचाचणी हल्ली पॅकेजमध्ये सर्रास खपवली जाते, तीही या वयात यासाठी धरू नये. तुझी पाळी १३व्या वर्षी सुरू झाली, म्हणजे २१ वर्षांची होईपर्यंत नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावर तुला कुणी पीसीओडीची पेशंट ठरवू नये. किशोरवयात हे निदान करायला दोन गोष्टी एकत्र लागतात. एक, वयाच्या मानाने पाळी खरंच अनियमित असणं. आणि दोन, पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण : हनुवटीवर, ओठांवर, छातीवर दाट राठ केस, औषधाला दाद न देणारी भरपूर मुरुमं, किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं. शिवाय थायरॉइडचा बिघाड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढणं यांसारखी बाकीची कारणं आधी बाजूला काढावी लागतात. एकच गोष्ट असेल, तर 'पुढे लक्ष ठेवू' एवढंच म्हणतात. थोडी मुरुमं १७व्या वर्षी कुणाला नसतात?

आणि समजा, सगळ्या तपासण्या होऊन शेवटी पीसीओडीच निघालं, तरीही मुलाबद्दलचं माझं उत्तर बदलत नाही. पीसीओडी असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात. बीज दर महिन्याला तयार होत नसल्यामुळे काहींना वेळ जास्त लागतो. काहींना बीज तयार व्हावं म्हणून लेट्रोझोलसारख्या गोळ्या थोडे दिवस घ्याव्या लागतात, आणि बऱ्याच जणींचं काम त्यावर होतं. टेस्ट ट्यूब बेबीपर्यंत जायची वेळ थोड्याच जणींवर येते. 'लग्न झालं की उशीर करू नकोस' हे वाक्य तर मी तुझ्या जागी असते तर तिथेच सोडून आले असते. लग्न हा पाळीवरचा उपचार नाही, बाळंतपण तर नाहीच नाही. पस्तिशीच्या आसपास बीजांची संख्या आणि प्रत झपाट्याने उतरायला लागते हे खरं आहे. पण ते सगळ्याच बायकांना लागू आहे, आणि तू अजून अठराचीही नाहीस. तू डॉक्टर हो, मग हवं तेव्हा, हवं त्याच्याशी लग्न कर. वाटलं तर मूल होऊ दे.

इथे दुसऱ्या बाजूचंही सांगून ठेवते, कारण हे सदर तुझ्यापेक्षा मोठ्या मुलीही वाचतात. 'माझी पाळी अनियमित आहे, मला कुठे दिवस राहणार' या समजुतीवर विसंबून काळजी न घेणाऱ्या मुली अडचणीत येतात. पाळी यायच्या आधी बीज बाहेर पडतं, त्यामुळे दोन महिने पाळी आलेली नसतानाही गर्भ राहू शकतो.

आता गोळ्यांचं. तुझ्या बॅगेतलं पाकीट बहुधा गर्भनिरोधक गोळ्यांचंच असेल. त्यांनी वंध्यत्व येतं हा निव्वळ गैरसमज आहे. जगभरात लाखो बायका वर्षानुवर्षं घेतात, थांबवल्या की पुन्हा बीज तयार व्हायला लागतं. खऱ्या पीसीओडीत त्यांचा उपयोगही होतो. बीज तयार झालं नाही की प्रोजेस्टेरॉन बनत नाही, गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं, आणि एक दिवस पाळी येते ती धो-धो येते. अस्तर असं वर्षानुवर्षं साचणं बरं नव्हे, म्हणून ते वेळेवर साफ व्हावं यासाठी गोळ्या देतात. पण त्या गोळ्यांवर येणारा रक्तस्राव म्हणजे तुझं चक्र सुरू झालं असं नसतं. कारण जर कमी खाणं असेल, तर गोळ्या दर महिन्याला पाळी आणतील, तुला वाटेल सगळं ठीक चाललंय, आणि आतली उपासमार तशीच चालू राहील. म्हणून पाकीट फेकू नकोस आणि सुरूही करू नकोस. तसंच्या तसं नव्या डॉक्टरांसमोर ठेव आणि विचार, "मला याची गरज आहे का, आणि कशासाठी?"

गौरीच्या वेळच्या गोळ्यांमुळे हे झालं का, अशी शंका तुझ्या पत्रात दोन ओळींमधून डोकावते. त्यांनी तेवढ्या एका महिन्याची पाळी पुढे-मागे होते. तीन महिने थांबत नाही आणि आईपणाला तर काहीच धक्का लागत नाही. आईने ते तुझ्या सोयीसाठीच केलं. पण अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांना ही औषधं चालतीलच असं नाही, त्यामुळे मेडिकलवाल्याला विचारून परस्पर घेऊ नयेत. मला विचाराल तर गौरी जेवताना घरातल्या लेकीची पाळी आली म्हणून काही बिघडत नाही. पण तो वाद तुमच्या घरी आज उकरून काढत नाही. तू मात्र डॉक्टरांना या गोळ्यांबद्दल नक्की सांग. शेवटची पाळी आपली आपण आली की गोळ्या थांबवल्यावर आली, याने त्यांच्या विचारात फरक पडतो.

मूल हा तुझ्यासाठी दहा वर्षांनंतरचा प्रश्न आहे. आजचा प्रश्न हाडांचा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. हाडांची आयुष्यभराची पुंजी जमते ती याच वयात, आणि त्यासाठी अंडाशयात बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन लागतं. कमी खाण्यामुळे पाळी बराच काळ बंद राहिली तर ही पुंजी नीट जमत नाही. रक्ताचंही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं होतं. चहा-बिस्किटं आणि काकडीवर जगणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन किती असेल याचा अंदाज करवत नाही. थकवा येतो का? जिना चढताना दम लागतो का? वाचलेलं लक्षात राहत नाही का? त्याचं खापर तू अभ्यासाच्या ताणावर फोडत असशील.

तर आधी पोटभर जेव. भात सुरू कर, आजच्या रात्रीपासून. मेसची भाजी आवडत नसेल तर वरण-भातावर तूप घे, दही घे, पण ताटावरून अर्धपोटी उठू नकोस. सकाळी क्लासला जाण्याआधी पोहे, उपमा, दोन उकडलेली अंडी, नाहीतर दूध-केळं, काहीतरी पोटात घालूनच जिना उतर. खोलीत शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे ठेव. गुरुवार पुढच्या वर्षी धर. देवी रागावत नाही. आणि झोप किमान सात तास. रात्री दीडला वाचलेली ती दोन पानं सकाळी अर्ध्या वेळात होतात. वजन रोज करू नकोस, पंधरवड्यातून एकदा पुरे. आणि स्वतःला खरंखरं एक विचार : आता भाताचा घास घेताना अपराधी वाटतं का? ताट बघून पोटात गोळा येतो का? उत्तर हो असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. परीक्षेचा ताण असो की जेवणाची भीती, तिथे मराठीत बोलता येतं.

डॉक्टरकडे काय होईल ते आधीच सांगते, म्हणजे धास्ती राहणार नाही. उंची, वजन, बीपी बघतील. पूर्वी वजन किती होतं, खातेस काय, झोपतेस किती, केस गळतात का, डोकं दुखतं का, छातीतून दुधासारखा स्राव येतो का, असं विचारतील. रक्तात हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन आणि साखर तपासायला सांगतील. पाळी चुकलेल्या प्रत्येक मुलीची लघवीची गर्भचाचणी करायची पद्धत असते, तिचा अर्थ तुझ्यावर संशय घेतला असा धरू नकोस. संबंध आले आहेत का, हेही विचारतील. खरं उत्तर एकटीने द्यायचं असेल तर आईला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा म्हणायचं, त्यात अवघड वाटून घेऊ नकोस. आतून तपासणी या वयात सहसा लागत नाही. आणि कुठलीही तपासणी कशासाठी, हे विचारायचा तुला हक्क आहे. खासगी दवाखान्याचा खर्च झेपणारा नसेल तर पुणे स्टेशनजवळ ससून आहे, स्त्रीरोग विभागाची ओपीडी आहे, केसपेपर काढून जाता येतं. सरकारी रुग्णालयांमध्ये किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' चालतात, चौकशी खिडकीवर त्या नावाने विचार.

जाताना एक कागद बरोबर ने. वर्षभरातल्या जेवढ्या आठवतील तेवढ्या पाळीच्या तारखा त्यावर लिही. मोजताना बऱ्याच जणी चुकतात. पाळी संपल्यापासून नाही, सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. नुसता डाग पडला तो दिवस धरायचा नाही, पॅड घ्यावं लागलं तो पहिला दिवस. रक्त किती दिवस गेलं आणि दिवसाला किती पॅड लागले तेही लिही. डॉक्टरांना कुठल्याही सोनोग्राफीपेक्षा या कागदावरून जास्त कळतं.

आता काकू. मला तिच्याबद्दल वाचताना संताप आला, आणि तुझी भीती नेमकी कुठून येते तेही तिथेच कळलं.

पहिली गोष्ट, काकू तुझ्या काकांची बायको. तिचं आणि तुझं रक्ताचं नातं नाही. तिची पाळी मागे-पुढे व्हायची याचा तुझ्या शरीराशी सुतराम संबंध नाही. दुसरी गोष्ट, 'तिची पाळी अशीच होती म्हणतात' हे कोण म्हणतं? डॉक्टर की घरातल्या बायका? काकांची तपासणी झाली होती का? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडे काही ना काही कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. वीर्याची तपासणी ही सगळ्यांत साधी आणि स्वस्त तपासणी, पण आपल्याकडे बाईच्या सतरा तपासण्या होतात, नवस होतात, अंगारे-धुपारे होतात, आणि पुरुषाची एक तपासणी करायची म्हटली की घरात आवाज चढतात. तुझ्या काकूची गोष्ट तशी असेलच असं नाही. पण न तपासताच तिच्या नावावर खापर फुटलेलं असू शकतं, एवढं ध्यानात ठेव.

आणि समजा कारण तिच्याकडेच असलं, तरी तिला पाळण्यापासून दूर बसवायचा अधिकार कुणाला मिळतो? बाळाला तिच्या हाताने काय होणार होतं? तू तिथे उभी होतीस, तुला ते सहन झालं नाही, आणि त्या क्षणी तुझ्या मनात बसलं की मूल नसलं तर बाईला असं वागवतात. तुझी खरी भीती ती आहे. त्या भीतीवर गोळी मिळत नाही. पण घरातल्या माणसांचं वागणं बदलता येतं, आणि तुमच्या घरात ते बदलायला तुझ्याइतकं योग्य कुणी मला दिसत नाही, कारण तू ते पाहिलंस आणि तुला ते चुकीचं वाटलं. संक्रांतीला घरी गेलीस की सगळ्यांच्या देखत पहिलं हळदीकुंकू काकूला लाव. कुणी काही बोललं तर 'मला लावायचं होतं' एवढंच म्हण. तिच्याशी एकटीने बोलायची वेळ आली तर तिला विचार, तुझं काय काय झालं ते. कदाचित इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नसेल.

राहिली आई. तू १८ च्या आत आहेस, उपचारांसाठी डॉक्टर पालकांची संमती मागणारच, त्यामुळे तिला सांगणं टळत नाही. पण टाळायचं कारणही मला दिसत नाही. ज्या आईने तुझ्या पाळीचा हिशोब ठेवून गौरीसाठी गोळ्या आणल्या, तिच्याशी पाळीबद्दल बोलणं तुला जड जाऊ नये. परत बोलावतील ही भीती तिने काही म्हणण्याआधीच तू धरून बसली आहेस. फोनवर पीसीओडी हा शब्द पहिल्यांदा काढू नकोस, नाहीतर ती घाबरेल आणि मावशीला फोन करेल, मावशी आणखी घाबरवेल. सरळ सांग, "आई, तीन महिने पाळी आलेली नाही. माझं वजन सात किलो उतरलंय. जेवण नीट होत नाहीये. मला चांगल्या गायनॅकला दाखवायचंय, तू ये." हे ऐकून कुठलीही आई आधी डबा भरते, वाद मागाहून घालते.

आणि जी आई हे वाचत असेल तिच्याशी दोन शब्द. तुमची मुलगी बारा-तेराची असेल, नुकती पाळी सुरू झाली असेल, तर पहिल्या वर्षात दोन-दोन महिन्यांचं अंतर पडतं, त्याने घाबरू नका. त्यानंतरची दोन वर्षं २१ ते ४५ दिवसांच्या आत येत असेल तर ठीक चाललंय. तीन वर्षं झाली की ती २१ ते ३५ दिवसांत स्थिरावायला हवी. पंधरावं पूर्ण झालं तरी पाळी आलीच नसेल, सुरू झाल्यावर सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, मुलगी पांढरीफटक पडली असेल, तर मात्र थांबू नका. पोटात एका बाजूला असह्य दुखून उलट्या होत असतील तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मुलीच्या मानेवर, काखेत काळपट जाड पट्टे दिसत असतील, वजन भराभर वाढत असेल, तर साखरेची तपासणी करून घ्या. अशा मुलींना व्यायामाचा आणि खाण्यापिण्याच्या शिस्तीचा फायदा होतो, पण 'जाडी झालीस' म्हणत ताट पुढून ओढू नका. आळीव, तीळ, पपई खाऊ द्या, ते अन्न आहे. चिठ्ठी नसलेल्या पुड्यांमधली चूर्णं आणि काढे मात्र कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका. आणि मुलीच्या कानावर जाईल असं 'हिचं पुढे कसं व्हायचं' हे वाक्य घरात उच्चारू नका. 'स्थळ बघताना सांगायचं का' ही चर्चाही नको. पाळी लांबणं हे काही लपवून ठेवायचं व्यंग नव्हे.

तुझ्याकडे परत येते. आई कदाचित म्हणेल, बारावीची परीक्षा होऊ दे, मग बघू. तेवढं मात्र ऐकू नकोस. तुझं खाणं आणि रक्त सुधारलं तर अभ्यासच सुधारेल, आणि यात तुझी एखादी दुपारच जाणार आहे. तिला शनिवारी सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरायला सांग. जुना रिपोर्ट, गोळ्यांचं पाकीट आणि तारखांचा कागद एका पिशवीत घालून ठेव. खाणं-वजन पूर्वपदावर आल्यावर पाळी परत यायला काही महिने लागू शकतात, त्यामुळे पुढच्या महिन्यात आली नाही म्हणून हिरमुसू नकोस. पुन्हा कधी दाखवायला यायचं, ती तारीख डॉक्टरांकडून लिहून घे. रक्त द्यायला उपाशीपोटी बोलावलं असेल तर डबा बरोबर ने आणि रक्त देऊन झालं की तिथेच बाकावर बसून खा.